देहाचा नकाशा

प्रत्येकाच्या मनात स्वतःच्या शरीराचे एक चित्र असते. मानसशास्त्रात त्याला शरीरप्रतिमा म्हणतात. शरीर कसे दिसते याविषयीचा समज, त्याबद्दल वाटणारे समाधान किंवा लाज, आणि त्यापायी बदलणारे वागणे हे सगळे तिच्यात येते. जाड पोटऱ्या दिसू नयेत म्हणून खेळाच्या तासाला डोके दुखते असे सांगणारी मुलगी, केस विरळ झाले म्हणून मित्रांच्या लग्नांना जायचे टाळणारा तरुण, कर्करोगात स्तन काढावा लागल्यावर कपडे बदलताना दिवा मालवणारी बाई. या तिघांचाही दिवस हे मनातले चित्र ठरवत असते, आणि बहुतेक वेळा घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नसतो.

हे चित्र प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतेच असे नाही. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी 1911 मध्ये असे मांडले, की शरीराच्या ठेवणीचा आणि हालचालींचा एक आराखडा मेंदू सतत ताजा करत असतो. हात किंवा पाय कापावा लागलेल्या अनेकांना तो अवयव पुढेही जागेवर असल्यासारखा वाटतो, दुखतोसुद्धा. शरीर बदलले तरी आराखडा लगेच बदलत नाही. पुढे 1937 मध्ये मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियांच्या वेळी केलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मेंदूच्या पृष्ठभागावर ओठ, जीभ आणि बोटे यांना मोठी जागा मिळालेली असते, पाठीला आणि पोटाला अगदी थोडी. मेंदूतला नकाशा उंची-रुंदीच्या मापाने काढलेला नसतो. कोणत्या अवयवाने जग किती बारकाईने जाणवते, यावर त्यातली जागा ठरते.

या दोन शोधांच्या मधल्या काळात, 1935 मध्ये, पॉल शिल्डर या मूळ व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाने शरीरप्रतिमेवर एक ग्रंथ लिहिला आणि तिच्यात समाजालाही जागा दिली. आपले शरीर आपल्याला कसे भासते हे इतरांच्या नजरेवर, बोलण्यावर आणि स्पर्शावरही अवलंबून असते, हे त्यांचे म्हणणे आज सर्वमान्य आहे. फिजी बेटांवरचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे भरदार अंगकाठी चांगली मानली जाई. एका भागात 1995 मध्ये दूरदर्शन संच पोहोचले. त्या वर्षी अॅन बेकर या अमेरिकी संशोधक डॉक्टरने शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी त्यांना आढळली नव्हती. तीन वर्षांनी, 1998 मध्ये, तिथल्याच मुलींच्या दुसऱ्या गटात असे प्रमाण 11.3 टक्के निघाले. एवढा बदल पडद्यामुळेच झाला असे सिद्ध करणे अवघड आहे, पण मुलींनी स्वतःच्या तोंडून मालिकांतल्या बारीक नायिकांचे दाखले दिले होते.

महाराष्ट्रात याला पडद्याचीही गरज लागली नाही. रंग कसा, उंची किती, हे प्रश्न मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पिढ्यानपिढ्या विचारले गेले आणि विवाहविषयक जाहिरातींत ते छापूनही आले. काळी, जाडी, बुटकी, दातपुढी ही नावे घरातलेच लोक लाडाने ठेवतात आणि ती माणसाला जन्मभर चिकटतात. मुलग्यांनाही बारक्या, ढोल्या, टकल्या म्हणून चिडवले जाते. त्यांनी वाईट वाटून घ्यायचे नाही एवढाच काय तो फरक.

असे काही मनात रुतून बसलेले असेल तर सरळ प्रश्न विचारून ते बाहेर येत नाही. "तुला तुझ्या शरीराबद्दल काय वाटते?" या प्रश्नाला "काही नाही" किंवा "ठीक आहे" हेच उत्तर मिळते. शरीराविषयी मोकळेपणाने बोलायची सवयच नसते. म्हणून बोलण्याआधी हाताला काम देणारी रीत उपयोगी पडते. आजारी माणसांना चित्र काढण्याचा फायदा होतो हे इंग्रज चित्रकार अॅड्रियन हिल यांनी स्वतः क्षयरोगातून बरे होताना अनुभवले, आणि 1942 मध्ये कलोपचाराला त्याचे इंग्रजी नाव दिले. पुढे या विषयाच्या अनेक शाखा झाल्या. शरीरप्रतिमेच्या बाबतीत गटाने करायचा एक उपयोगी प्रकार म्हणजे देह-नकाशा: माणसाच्या स्वतःच्या आकाराएवढी बाह्यरेषा कागदावर काढायची आणि ती आपल्या आठवणींनी, खुणांनी, रंगांनी भरायची.

या पद्धतीचा उगम दवाखान्यात झालेला नाही, गावातल्या बायकांच्या बैठकांत झाला आहे. अँड्रिया कॉर्नवॉल या संशोधिकेने 1992 मध्ये झिम्बाब्वेतल्या अनुभवावर लिहिले. गर्भनिरोधकांबद्दल बायकांच्या मनात नेमक्या कोणत्या शंका आहेत हे समजून घेण्यासाठी त्यांना शरीराच्या आतले जसे वाटते तसे चित्र काढायला सांगितले होते. पुस्तकातल्या आकृतीशी न जुळणाऱ्या त्या चित्रांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: बायकांना औषधाची जी भीती वाटत होती ती अडाणीपणाची नव्हती, त्यांच्या मनातल्या शरीररचनेशी ती पूर्णपणे सुसंगत होती. ही पद्धत पीआरए या नावाने कार्यकर्त्यांना माहीत असलेल्या लोकसहभागी पाहणीतून आली. भारतातही त्या पाहणीत गावकरी अंगणात रांगोळीने, खडूने, बिया आणि काटक्या मांडून गावाचे नकाशे काढत आले आहेत. त्याच जमिनीवर शरीराचा नकाशाही काढता येतो.

राजस्थानातला एक प्रसंग या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. तिथल्या महिला विकास कार्यक्रमातल्या 75 ग्रामीण स्त्रियांनी आरोग्य कार्यशाळांतून स्त्रीशरीराविषयी एक सचित्र पुस्तक तयार केले. दिल्लीच्या 'काली फॉर विमेन' या प्रकाशनाने ते 1989 मध्ये 'शरीर की जानकारी' या नावाने छापले. पहिल्या खर्ड्यात स्त्रीचे शरीर उघडे दाखवले होते. ते गावांत नेल्यावर बायका हसल्या. गावात असे उघडे बाईमाणूस कुणी कधी पाहिले आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग चित्रांतल्या स्त्रीला घागरा-ओढणी आली आणि वर कागदाची झडप लावली गेली. झडप उचलली की आतले शरीर दिसायचे. कुठे थांबायचे आणि कुठे उघडायचे हे पाहणाऱ्या बाईच्या हातात राहिले. शरीराविषयीच्या कोणत्याही गटकार्यात ही झडप असावीच लागते, मग ती कागदाची असो वा नियमाची.

देह-नकाशाला आजचे रूप मिळाले ते दक्षिण आफ्रिकेत. केप टाउन शहराच्या कडेला खायेलित्शा ही मोठी कष्टकरी वस्ती आहे. तिथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने 2001 मध्ये एचआयव्हीची औषधे द्यायला सुरुवात केली. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेचे सरकार ही औषधे सार्वजनिक दवाखान्यांतून द्यायला तयार नव्हते. देशव्यापी योजनेला मान्यता मिळायला 2003 सालचा नोव्हेंबर उजाडला. औषधे मिळण्याआधी एचआयव्ही झालेल्या आया मुलांसाठी आठवणींच्या पेट्या तयार करत. आपण गेल्यावर मुलांना आपली ओळख राहावी म्हणून त्यात फोटो, पत्रे, लहानसहान वस्तू ठेवत. केप टाउन विद्यापीठातला एक प्रकल्प या कामाला मदत करत होता आणि जोनाथन मॉर्गन हे मानसशास्त्रज्ञ त्यात होते. औषधे मिळू लागली तसा या बायकांपुढचा प्रश्न बदलला. मरणाची तयारी करणाऱ्यांना आता जगायचे होते, आणि ज्या शरीराची त्यांनी आशा सोडली होती त्याच शरीराशी पुन्हा ओळख करून घ्यायची होती.

जेन सॉलोमन या चित्रकार स्त्रीने 2002 मध्ये 'बंबानानी विमेन्स ग्रुप' या गटातल्या बायकांसोबत कार्यशाळा घेतल्या त्या याच टप्प्यावर. प्रत्येकीने मोठ्या कागदावर स्वतःची पूर्ण आकृती उतरवली. तिच्यामागे आधार देणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची आकृती सावलीसारखी काढली. शरीरावरचे व्रण, बाळंतपणाच्या आणि मारहाणीच्या खुणा, आतला विषाणू, त्याच्याशी लढणारे औषध, आपली ताकद कुठे आहे ते दाखवणारे चिन्ह, असे एकेक रंगवत गेल्या. ही चित्रे आणि त्यांमागच्या कहाण्या 2003 मध्ये 'लाँग लाइफ' या पुस्तकात प्रसिद्ध झाल्या. त्या बायकांनी स्वतःला रोगी म्हणून रंगवले नाही. आजार चित्रात आहे, पण तो एका कोपऱ्यात किंवा नसांत आहे. चित्राचा मुख्य विषय आहे ती बाई. सॉलोमन यांनी पुढे या पद्धतीची मार्गदर्शक पुस्तिका लिहिली आणि ती अनेक देशांत पोहोचली. टोरांटोमध्ये डेनिस गास्ताल्दो आणि सहकाऱ्यांनी कागदपत्रांविना राहणाऱ्या लॅटिन अमेरिकी मजुरांसोबत हीच रीत वापरली आणि 2012 मध्ये तिची संशोधनपद्धती मांडली.

प्रत्यक्ष काम असे चालते. गट आठ ते बारा जणांचा असला तर बरा. त्याहून मोठा झाला की बोलायला वेळ पुरत नाही. जागा बंद दाराची हवी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना डोकावता येणार नाही अशी. तपकिरी कागदाचा गुंडाळा, खडू, तेलखडू, पोस्टर रंग, जुनी मासिके, कात्री, डिंक एवढे सामान पुरते. चित्र येत नाही असे बहुतेक जण आधीच सांगून टाकतात. चित्रकलेची परीक्षा नाही हे त्यांना तोंडाने सांगून पटत नाही. गट चालवणाऱ्या व्यक्तीने स्वतः बसून त्यांच्यासमोर एक साधी, वेडीवाकडी रेघ ओढली की पटते.

आधी प्रत्येकाने आपल्याला कोणत्या स्थितीत चित्रात यायचे आहे ते ठरवायचे: उभे, बसलेले, हात वर केलेले, पाठमोरे. मग जमिनीवर पसरलेल्या कागदावर तसे निजायचे, आणि जोडीदार पेन्सिलीने कडेने रेघ फिरवतो. मग ती रेघ ज्याची त्याने आपल्या आवडीच्या रंगात गडद करायची. पायांजवळ आपण कुठून आलो ते काढायचे, डोक्याच्या वर कुठे जायचे आहे ते. अंगावरच्या खुणा त्यानंतर. गुडघ्यावर लहानपणी पडल्याची खूण, भाजल्याचा डाग, गोंदण, लसीचा वण. प्रत्येक खुणेला एक गोष्ट असते आणि ती सांगताना माणूस शरीराकडे दिसण्याची वस्तू म्हणून पाहणे हळूहळू सोडतो. मग त्वचेच्या आतले: दुखणे, भीती, राग, प्रेम कुठे राहते ते. चेहरा शेवटी. सुरुवातीलाच चेहरा काढायला घेतला की माणसे पुन्हा साम्याच्या, सौंदर्याच्या काळजीत सापडतात.

रंगांचा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. भारतातल्या शाळांत मुले फिकट गुलाबी-पिवळसर खडूला 'स्किन कलर' म्हणतात आणि चित्रातल्या माणसाच्या अंगात तोच भरतात, स्वतःचा हात कितीही सावळा असला तरी. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने अशाच खडूचे 'फ्लेश' हे नाव 1962 मध्ये बदलून 'पीच' केले. त्वचेच्या 24 छटांचा वेगळा संच त्यांनी 2020 मध्ये काढला. कार्यशाळेत तपकिरी, तांबूस, काळपट, गव्हाळ असे पुष्कळ रंग मधोमध ठेवावेत आणि प्रत्येकाला मनगटाशी रंग लावून आपली छटा कालवून काढायला सांगावे. हा छोटासा उद्योग अनेकदा सबंध सत्रातला सर्वांत मोलाचा भाग ठरतो. आपला रंग एका खडूत मिळत नाही, तो तीन-चार रंगांनी बनतो, हे हातांना समजते.

एकट्याने घरी बसून असे चित्र काढता येईल, पण गटात जे घडते ते तिथे घडत नाही. आपली लाज ही आपली एकट्याची आहे असा प्रत्येकाचा समज असतो. भिंतीवर दहा आकृत्या शेजारी शेजारी लागतात, आणि सगळ्यांना बारीक, सुंदर वाटणारी मुलगी आपल्या हातांवर गडद रेघोट्या मारून बसलेली दिसते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटोपचारावरच्या आपल्या 1970 च्या ग्रंथात, आपण एकटे नाही हे उमजणे हा बरे होण्याचा एक मुख्य घटक मानला आहे. दुसरेही एक कारण आहे. शरीराविषयीची लाज लोकांच्या नजरेतून आलेली असते, तेव्हा ती सैल व्हायलाही नजरच लागते, मात्र न हसणारी आणि तुलना न करणारी.

म्हणून बोलण्याचे नियम कडक असावे लागतात. चित्राविषयी आधी ज्याचे चित्र तोच बोलतो. इतरांनी प्रश्न विचारावेत, अर्थ सांगू नयेत. "किती छान दिसतेस" अशी तारीफही टाळावी, कारण तिने गाडी पुन्हा दिसण्यावरच येते. न बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. वजनाचे आकडे, डाएटच्या गप्पा, मापे यांना तिथे जागा नाही.

अर्थ न सांगण्याचा नियम केवळ सौजन्याचा नाही, त्यामागे शास्त्र आहे. मुलांच्या माणसाच्या चित्रावरून बुद्धीचा अंदाज घेण्याची चाचणी फ्लोरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये आणली. करेन मॅकोव्हर यांनी 1949 मध्ये अशाच चित्रांतून स्वभाव वाचायची पद्धत मांडली. मोठे डोळे म्हणजे संशयी वृत्ती, अशा प्रकारची समीकरणे तिथून रूढ झाली. लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने 1967 मध्ये ती तपासली. त्यांनी चित्रे आणि लक्षणे यांच्या जोड्या मुद्दाम कशाही लावून विद्यार्थ्यांना दाखवल्या. खरा संबंध काहीच नव्हता, तरी विद्यार्थ्यांना तेच संबंध दिसले जे अनुभवी तज्ज्ञ रोजच्या कामात पाहत होते. डोळ्यांचा संशयाशी संबंध पाहणाऱ्याच्या मनात होता, कागदावर नव्हता. देह-नकाशात कुणी हात काढले नाहीत म्हणून तो असहाय आहे, पोटावर काळे फासले म्हणून तिच्यावर अत्याचार झाला आहे, असे निष्कर्ष काढणारे शिक्षक किंवा समुपदेशक याच सापळ्यात सापडतात. हात काढले नाहीत त्याचे कारण कागद संपला हेही असू शकते. विचारले तर कळते.

या पद्धतीत धोकेही आहेत. कडेने रेघ फिरवताना दुसऱ्याचा हात अंगाजवळ येतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला ते असह्य होऊ शकते, आणि खाली निजणेही. म्हणून जोडीदार स्वतः निवडू द्यावा, मांड्यांच्या आतल्या बाजूची रेघ ज्याची त्याने काढावी, आणि आकृती लहान किंवा अंदाजाने काढायचीही मुभा द्यावी. मुलगे-मुली एकत्र असलेल्या शाळकरी गटात अंग टेकून आकृती उतरवणे टाळलेलेच बरे. खाण्याचे विकार असलेल्यांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. अॅनोरेक्सियाच्या अनेक रुग्णांना आपले शरीर आहे त्यापेक्षा मोठे भासते. उपचारात त्यांना आधी अंदाजाने आपली आकृती काढायला सांगतात, मग खरी उतरवतात, आणि दोन रेघांमधले अंतर पाहतात. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे उपयोगी असते. शाळेच्या वर्गात कुणी हौसेने केले तर वजनाचा ध्यास आणखी वाढू शकतो. स्वतःला इजा करणे, जेवण टाकणे, सतत उलट्या काढणे अशी चिन्हे दिसली तर चित्रकार्य थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हे गट चालवणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

परिणामांबद्दल बोलायचे तर दावे मर्यादित ठेवायला हवेत. देह-नकाशावरच्या अभ्यासांचा 2016 मध्ये पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांचा मोठा भाग माणसांचे अनुभव समजून घेण्याचा होता. शरीराविषयीचे समाधान किती वाढले हे मोजणारे प्रयोग कमी. त्या प्रकारचा भक्कम पुरावा एरिक स्टाइस यांच्या 'बॉडी प्रोजेक्ट' या उपक्रमापाशी आहे. तिथे मुली गटात बसून बारीकपणाच्या आदर्शाविरुद्ध स्वतः युक्तिवाद करतात, आणि नियंत्रित चाचण्यांत त्याचा फायदा पुन्हा पुन्हा दिसला आहे. तो मुख्यतः बोलण्या-लिहिण्याचा कार्यक्रम आहे. जिथे बोलणेच अडलेले आहे, जिथे आजार, अपघात, हिंसा किंवा जात-रंगावरून होणारी हेटाळणी अंगावर कोरली गेली आहे, तिथे चित्राला जे साधते ते वादविवादाला साधेलच असे नाही. मोजणारे अभ्यास व्हायला हवेत, आणि ते भारतात, इथल्या बायकांसोबत आणि मुलग्यांसोबत व्हायला हवेत.

शेवटचा प्रश्न चित्रांच्या मालकीचा. माणसाच्या आकाराच्या कागदावर त्याचे आजार, जखमा, नाती असे सगळे लिहिलेले असते. खायेलित्शात तर चित्र लोकांपुढे आणणे म्हणजे एचआयव्ही असल्याचे जाहीर करणे होते. कार्यशाळेत यायला दिलेली संमती ही चित्र दाखवायची संमती नव्हे. फोटो काढणे, संस्थेच्या अहवालात छापणे, प्रदर्शनात लावणे यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी पुन्हा विचारावे लागते, आणि तेही सत्र संपल्या संपल्या नाही, काही दिवस गेल्यावर. मूळ चित्र ज्याचे त्याच्याकडे जाते. घरी ठेवायला सुरक्षित जागा नसेल तर संस्थेने ते कुलपात, त्याच्या नावाने ठेवावे, आणि तो मागेल तेव्हा परत द्यावे.